आदर्श बचत घर

३ मार्च

चि. वेळापत्रक अधिकारी साहेब,

आशीर्वाद. पाकीट पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फक्त लाइट गेले आहेत.

फोन का केला नाही, असं विचारशील. केला होता, चार वेळा. दोनदा तू मीटिंगमध्ये होतास, एकदा ‘साइटवर’ होतास, आणि चौथ्यांदा आमच्याकडचा टॉवरच बंद पडला. टॉवरलाही वीज लागते, हे तुमच्या खात्याच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही. कागदाला मात्र ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगून वाटेला लावता येत नाही. म्हणून कागद.

तुझं नवं वेळापत्रक घरोघरी पोहोचलं. गुळगुळीत कागद, चार रंग. लहानपणी परीक्षेआधी अभ्यासाचं वेळापत्रक आखण्यात तुझे आठ दिवस जायचे आणि अभ्यासाला दीड दिवस उरायचा. मी हसायचे. मला काय ठाऊक, की याच गुणावर तू साहेब होशील आणि अख्खं शहर तुझ्या रेघांवर उठेल-बसेल!

आमची गल्ली गट ‘ब’मध्ये आहे. सकाळी नऊ ते अकरा, दुपारी तीन ते पाच. चालेल. मी शाळेत गणित शिकवते, मला हिशेब कळतो. आईचं ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर अडीच तास चालतं. दोन तास लाइट गेले की अर्धा तास हातात उरतो, आणि मधल्या वेळात इन्व्हर्टर पुन्हा भरतो. त्या अर्ध्या तासावर आमचं घर उभं आहे. नळी काढली की पंधरा मिनिटांत तिचे ओठ निळे पडतात, हे तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी तू स्वतः पाहिलंस आणि बाहेर जाऊन उभा राहिलास. तर बाबा, तेवढा अर्धा तास खाऊ नकोस, एवढंच मागणं.

बाकी आई मजेत आहे. नाकात नळी घालून सगळ्यांना रागावते. म्हणते, नळी नाकात आहे, तोंड मोकळंच आहे.

तुमची अधिकारी वसाहत कोणत्या गटात आहे रे? कागदावर सापडली नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

तुझी ताई

ता. क. तुझ्या भाऊजींनी तुला आठवण सांगितली आहे. ते डेपोत बसच्या खाली झोपलेत, कामासाठी.

१२ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. पत्र वाचून आनंद झाला. ‘लाइट गेले’ हा शब्द चुकीचा आहे. लाइट जात नाहीत, त्यांचं भारनियमन होतं. लोकांनी शब्द नीट वापरले तर निम्म्या तक्रारी कमी होतील, असं मी परवाच बैठकीत मांडलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सोबत मी लिहिलेली पुस्तिका पाठवतो, ‘वीज वाचवा : एकशे एक सोपे उपाय’. आईला वाचून दाखव. तिचा मुलगा लेखक झाला, हे तिला कळू दे.

वसाहतीचा प्रश्न तांत्रिक आहे, पत्रातून समजावणं अवघड. झळ सगळ्यांनाच बसते. परवा आमची लिफ्ट चांगली वीस मिनिटं बंद होती.

आईला इकडे आणावं असं मलाही फार वाटतं. पण सध्या घराला रंग लावणं चालू आहे आणि त्या वासाने तिला त्रास होईल. रंग वाळला की बघू.

तुझा धाकटा

२६ मार्च

लेखक महाशय,

पुस्तिका आईला वाचून दाखवली. दुपारी तीन ते पाच, दुसरं काही करता येत नव्हतंच.

उपाय सतरावा : खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा. अरे, आम्ही खोलीत असतानाच तुम्ही बंद करता, आम्हाला बाहेर पडायची तसदी कशाला? उपाय अडुसष्टावा : दिवसा सूर्यप्रकाशाचा पुरेपूर वापर करा. करतो. सूर्याचं वेळापत्रक अजून तुमच्या खात्याकडे आलेलं नाही हे नशीब. उपाय एक्क्याण्णवावा : कुटुंबाने एकाच खोलीत एकत्र बसावं, प्रेम वाढतं. हा वाचल्यावर आई म्हणाली, “याला विचार, तो कधी येतोय बसायला?”

चेष्टा पुरे. काही उपाय आम्ही खरोखर केले, तुझ्या पुस्तिकेमुळे नाही, गरजेपोटी. फ्रिज बंद केला. त्यात आता मी मुलांच्या तपासायच्या वह्या ठेवते. इस्त्री बंद, भाऊजी चुरगळलेल्या शर्टाने डेपोत जातात, तिथे कोणी ओळखतही नाही. गीझर बंद, टीव्ही बंद. वीज असते तेव्हा ती सगळी इन्व्हर्टरला आणि मशीनला. गल्लीतही सगळ्यांचं असंच चाललंय. समोरच्या शिंप्याने पायाचं मशीन माळ्यावरून खाली काढलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकानाच्या दारात, रस्त्यावरच खुर्ची मांडली आहे, आणि गिऱ्हाइकापेक्षा बघेच जास्त असतात.

रंग वाळला का?

ताई

१० एप्रिल

ती. ताईस,

अभिनंदन! अभिनंदन! अभिनंदन!

तुमच्या मीटरचं रीडिंग पाहिलं. वापर एक तृतीयांशावर आला! संपूर्ण विभागात पहिला क्रमांक! तुमची गल्लीही सगळ्या गल्ल्यांत पहिली. लोक म्हणत होते पुस्तिका कोण वाचतो. माझ्या सख्ख्या बहिणीने वाचली, अमलात आणली आणि साऱ्या गल्लीला शिकवली. मोठ्या साहेबांनी बैठकीत माझ्या पाठीवर थाप मारली. नोकरीच्या एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

तुमच्या घराला ‘आदर्श बचत घर’ ही पाटी मिळणार आहे. मोठे साहेब स्वतः येतील. फोटोसाठी आईच्या हातात बचतीचा दिवा द्यायचा आहे. तिला छान साडी नेसव. नळी फोटोत आली नाही तर बरं, संदेश गोंधळतो.

रंग वाळला, पण आता फरशीचं काम निघालं आहे.

तुझा धाकटा

२१ एप्रिल

चि. भावास,

समारंभ पार पडला. तू आला नाहीस, मीटिंग असेल.

मोठे साहेब साडेनऊला आले, म्हणजे ऐन लोडशेडिंगमध्ये. त्यांची गाडी दारात पाऊण तास इंजिन चालू ठेवून उभी होती, आतला एसी बंद पडू नये म्हणून. भाऊजी बराच वेळ त्या इंजिनाकडे बघत होते. मी म्हटलं, जाऊ द्या, पाहुणे आहेत.

फोटोवाल्याने आईच्या हातात दिवा दिला. तिने उलटसुलट करून पाहिला आणि साहेबांना विचारलं, “पेटतो का हा? लावून दाखवा बरं.” साहेब हसले, म्हणाले, “आजी, आता वीज नाही.” आई म्हणाली, “मग वाचवली ती कुठे ठेवलीत?” यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं.

नळी काढायला मी नकार दिला. फोटोत ती आली आहे.

पाटी फाटकावर लावली आहे. निळी, पांढऱ्या अक्षरांची. तिच्यावर आता आम्ही पिशव्या अडकवतो. आपला वापर का कमी झाला हे तुझ्या खात्याला खरंच कळलेलं नाही, की कळूनही पाटी दिली? मला हा प्रश्न झोपू देत नाही. तू हुशार होतास रे.

ताई

१ मे

गट ‘ड’.

सकाळी आठ ते बारा. दुपारी दोन ते सहा.

अडीचातून चार गेले, उरले उणे दीड. चौथीतल्या पोरालाही येईल.

हे तू केलंस का?

७ मे

ती. ताईस,

तुझं पत्र जरा कडक वाटलं. मी काहीही केलेलं नाही, नियमाने केलं आहे.

नियम असा आहे, की ज्या भागाची मागणी निम्म्याहून खाली गेली, तो भाग कमी विजेत राहू शकतो हे सिद्ध होतं. म्हणून तिथलं भारनियमन वाढवता येतं आणि वाचलेली वीज गरजू भागांना देता येते. दिसायला कठोर, पण शास्त्रीय आहे. तुमच्या गल्लीने फारच कमी वीज वापरली. हा नियम मीच लिहिला आहे, त्यामुळे घरच्या माणसासाठी तो वाकवणं मला शोभणार नाही. लोक नावं ठेवतील.

तरी मार्ग आहे. रुग्ण असलेल्या घरांसाठी सवलतीचा अर्ज आहे. तीन प्रती, डॉक्टरांचा दाखला, आणि गेल्या सहा महिन्यांत वापर कमी झालेला नाही असं प्रतिज्ञापत्र. हे शेवटचं तुला जरा अडचणीचं जाईल.

आईला इकडे आणायचं म्हणशील, तर मुलीची परीक्षा तोंडावर आहे. आणि हिला डोकेदुखी आहे, मशीनचा आवाज सोसणार नाही. तुमच्याकडे तो निदान मधूनमधून बंद तरी पडतो. आमच्याकडे चोवीस तास चालूच राहील.

तुझा धाकटा

११ मे

ताई!

हे तू काय केलंस? मी मीटिंगमधून बाहेर आलो (खरंच मीटिंग होती) आणि पाहतो तर माझ्या टेबलाशेजारी, शहराच्या मोठ्या नकाशाखाली, आई! खुर्चीत, पायाखाली पायपुसणं, मशीन माझ्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर लावलेलं, आणि माझा कॉम्प्युटर बंद! वर मशीनला चिकटवलेली तुझी चिठ्ठी : ‘उपाय एकशे दोनावा : जिथे वीज जात नाही, तिथे आईला ठेवा.’

अख्ख्या कार्यालयाने ती वाचली आहे. शिपायाने आईला उशी आणून दिली. टायपिस्ट बाई तिच्याजवळ बसून स्वतःच्या सासूबद्दल सांगतात. मला कोणी विचारत नाही.

संध्याकाळी तिला घरी नेलं, दुसरं करणार काय? ही बोलत नाही. आईने हिच्या हातचा चहा घेतला आणि म्हणाली, “फरशी छान झाली गं. जुनीच वाटते.”

ताबडतोब येऊन तिला ने.

धाकटा

१५ मे

चि. भावास,

येणार नाही.

तुला सगळं सांगते, मग राग धर. पाच तारखेला सकाळी साडेदहाला इन्व्हर्टर ओरडायला लागला. लाइट यायला दीड तास होता. दवाखान्यात जायला म्हणून ठेवलेलं छोटं सिलिंडर आदल्या दिवशी संपलेलं, भरून यायचं होतं. मी शाळा सोडून घरी बसले होते, म्हणून निदान जवळ होते. आईचे ओठ माझ्या डोळ्यांसमोर बदलायला लागले. ती मला म्हणत होती, “घाबरू नकोस,” आणि ते एवढं हळू, की तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. भाऊजी डेपोतून बसची बॅटरी खांद्यावर घेऊन धावत आले. पाऊण किलोमीटर, त्या वयात. न्हावी आणि शिंपी दोघांनी तारा धरल्या. मशीन चालू झालं, तेव्हा भाऊजी फरशीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

दोन दिवसांनी तू पत्र लिहिलंस, की आमचं मशीन निदान मधूनमधून बंद तरी पडतं. तुमच्याकडे चोवीस तास चालू राहील. अरे, तेच तर हवंय तिला! वाक्य लिहून झाल्यावर तू वाचतोस की नाही? आणि वसाहतीत लाइट जात नाहीत हे सांगायला दोन महिने लावलेस, तेही चुकून.

मग मी सिलिंडर भरून आणलं, डेपोची गाडी घेतली आणि तिला तुझ्या कार्यालयात आणलं. दारावरच्या रखवालदाराने विचारलं, “तक्रार आहे का?” मी म्हटलं, “नाही, आई आहे.” त्याने दार उघडलं.

परत येताना मी सगळा रस्ता रडत होते. तिला तिथे एकटीला सोडून आले, याचा सल आहे. तिची जीभ कडक असली तरी छाती कागदाची झालीय. तिला सांभाळ रे.

ताई

२४ मे

ती. ताईस,

पाच तारखेचं मला माहीत नव्हतं. पत्र वाचल्यावर मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. मला तेवढंच येतं, हे तू बरोबर लिहिलं होतंस.

आई रोज दहा ते सहा माझ्याशेजारी बसते. मी नकाशावर पट्टी ठेवली की विचारते, “इथे कोण राहतं?” मी म्हणतो, “चार हजार दोनशे ग्राहक.” ती म्हणते, “ते राहू दे. माणसं कोण राहतात?” मला सांगता येत नाही. मागच्या बाजूने एखादा कारकून सांगतो, “आजी, तिथे माझी मावशी राहते.” सगळे हसतात, आणि मी ती रेघ पुसतो. दोन आठवडे झाले, पुढचं वेळापत्रक अर्धं कोरं आहे.

काल तिने सगळ्यांसमोर विचारलं, “मी तुझ्या घरी तेरा दिवस राहतेय, एकदाही लाइट गेले नाहीत. तुझा गट कोणता?” मी सांगून टाकलं, की वसाहतीला गटच नाही. ती कागदावर नसतेच.

संध्याकाळी मी तिला म्हटलं, तुमची गल्ली गुपचूप ‘अ’मध्ये टाकतो आणि मागची गल्ली ‘ड’मध्ये. कोणाला कळणार नाही. ती म्हणाली, “लहानपणी तू शेजारच्या पोराच्या ताटातलं उचलायचास, तसंच झालं हे. मी रविवारी घरी जाते.”

मी पाया पडलो, ताई. म्हटलं, तिथे आठ तास लाइट नाहीत, जाऊ नकोस. तर म्हणाली, “तुझ्याकडे वीज भरपूर आहे बाळा. पण तुझ्याकडे बघितलं की मला लाज वाटते, आणि लाजेनेही दम लागतो.”

ती ऐकणार नाही, तुला माहीत आहे. वीज आहे तितकीच आहे. एकाला दिली की दुसऱ्याची काढावी लागते, आणि माझ्याकडे एक आठवडा आहे. सिलिंडर दोन भरून ठेव.

धाकटा

४ जून

चि. भावास,

आई रविवारी आली. सोमवारी सकाळी पावणेआठपासून आम्ही दोन सिलिंडर आणि बसची बॅटरी घेऊन तिच्या पलंगाभोवती बसलो होतो. न्हावी दुकान बंद करून आलेला. आठ वाजले, पंखा फिरतोय. साडेआठ, फिरतोय. आई म्हणाली, “तुम्ही सगळे असे बघत बसलात तर मला मेल्यासारखं वाटतंय, कामाला जा.”

दहाला गेले, बाराला आले. दुपारी पुन्हा दोनच तास. साऱ्या गट ‘ड’चं तसंच आहे म्हणतात, मागच्या गल्लीचंसुद्धा.

तू हे कुठून काढलंस? डेपोत अशी बोलवा आहे, की अधिकारी वसाहतीत बायका बादल्या घेऊन चार मजले चढताहेत. भाऊजी ही बातमी दिवसातून तीनदा सांगतात आणि दर वेळी एक मजला वाढवतात. खरं काय ते कळव. तुझ्या नोकरीची काळजी वाटते. तोंडाने काही बोलले तरी तू माझा भाऊ आहेस.

ताई

१२ जून

ती. ताईस,

बातमी खरी आहे. मजले चारच आहेत.

मी वसाहत कागदावर आणली. गट ‘ड’चे जुने तास तिला लावले, सकाळी आठ ते बारा, दुपारी दोन ते सहा, आणि तिथली वाचलेली वीज साऱ्या गट ‘ड’ला दिली. मोठ्या साहेबांनी न वाचता सही केली, ते कधीच वाचत नाहीत. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं बिघाड आहे. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मोठ्या साहेबांच्या सासूबाई अडकल्या. आमच्या हिने माझ्याशी बोलणं टाकलं आहे, मुलगी मात्र गच्चीत बसून अभ्यास करते आणि खुशीत आहे. तिसऱ्या दिवशी बायका कार्यालयात आल्या. चौथ्या दिवशी तातडीची बैठक झाली.

आणि ताई, बैठकीत वीज सापडली. नदीपलीकडच्या वीजनिर्मिती केंद्रातला एक संच दोन वर्षं ‘दुरुस्तीसाठी बंद’ होता. दुपारी तीनला तो सुरू झाला. पंधरा तारखेपासून शहरात कुठेही भारनियमन नाही. मोठ्या साहेबांचा सत्कार ठरला आहे.

‘वेळापत्रकात गंभीर चूक’ म्हणून माझी बदली जुन्या मीटरांच्या गोदामात झाली. तिथे मी, एक मांजर आणि नऊ हजार बंद मीटर आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. भाऊजींना सांग, माझं अभिनंदन करायला येऊ नका. डेपोत माझ्या नावाने चहा वाटला म्हणे, तो परत घ्या.

कारण त्या संचाची दुरुस्ती चौदा महिन्यांपूर्वीच पूर्ण झाली होती. सुरू करायच्या परवानगीचा कागद सह्यांसाठी टेबलाटेबलावरून फिरत होता. कोणालाच घाई नव्हती, कारण सही करणाऱ्या एकाच्याही घरचे लाइट जात नव्हते. माझ्या टेबलावर तो अकरा आठवडे होता, वेळापत्रकांच्या गठ्ठ्याखाली. मी तो वाचला होता. पाच मेच्या सकाळी साडेदहाला, तू तिच्या तोंडाजवळ कान नेलास तेव्हा, तो माझ्या कोपराखाली पडलेला होता.

हे आईला तू सांगू नकोस. मी रविवारी येतो आणि स्वतः सांगतो. ती काय म्हणेल ते मला माहीत आहे, तरी येतो.

धाकटा